वेगाचे माप आणि बळाचे माप



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यान ऐकावयास बसण्याची सवय महाराष्ट्राला लागली, आणि ती वर्तकनगरापर्यंत येऊन पोहोचली ह्याचा आम्हाला आनंद आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता ह्यांवर बोलावे अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. आम्ही मात्र एका खेळाचा इतिहास सांगण्यासाठी उभे आहोत. ‘गो’ नावाचा एक प्राचीन चिनी खेळ आहे. तो खेळणारी गणकयंत्रे गेल्या पन्नास-साठ वर्षांत तयार झाली. ती किती वेगाने चालतात आणि किती चांगली खेळतात हे माणसाने कसकसे मोजले, आणि त्या मापात कोठे फसगत झाली, एवढाच आजचा विषय आहे.

ह्या विषयाचा आणि कामगाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मापाचा आहे. किती तास, किती नग, किती वार, एका माणसाकडे किती यंत्रे, ह्या प्रश्नांवर कामगार चळवळ उभी राहिली. आज आपल्या मुलांना कामाचे हुकूम मोबाइलवरून येतात, आणि अमुक यंत्र माणसापेक्षा इतके पट जलद आहे असे आकडे रोज कानांवर पडतात. यंत्राचे माप म्हणजे काय हे समजून घ्यावयाचे तर गोसारखे उदाहरण नाही. कारखान्यात चांगले काम कोणते ह्यावर वाद होऊ शकतो. गोच्या पटावर हारजीत स्वच्छ असते. पट लहान, नियम थोडे, निकाल निर्विवाद. इतक्या स्वच्छ जागीसुद्धा माप किती वेळा फसले हे पाहिले, म्हणजे कारखान्यातल्या मापाकडे कोणत्या नजरेने पाहावे हे आपोआप ध्यानात येईल.

प्रथम खेळ समजून घेऊ. उभ्या एकोणीस आणि आडव्या एकोणीस रेघांचा पट. रेघा जेथे एकमेकींना छेदतात अशा ३६१ जागा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. आळीपाळीने एकेक खडा छेदावर ठेवावयाचा. ठेवलेला खडा जागचा हलत नाही. खड्यांच्या एखाद्या पुंजक्याला लागून असलेल्या सर्व मोकळ्या जागा शत्रूने बंद केल्या, की तो पुंजका कैद होऊन पटावरून उतरतो. शेवटी ज्याने अधिक मुलूख वेढला तो जिंकला. ज्या प्रांताचा अर्धा इतिहास किल्ल्यांच्या वेढ्यांनी भरला आहे, तेथे हा खेळ समजावयास वेळ लागू नये. आम्ही स्वतः प्लायवुडच्या तुकड्यावर रेघा आखून आणि शर्टाच्या काळ्या-पांढऱ्या गुंड्या घेऊन तो शिकलो.

बुद्धिबळात पहिली खेळी वीस प्रकारे करता येते, गोमध्ये ३६१ प्रकारे. शिवाय बुद्धिबळात मोहऱ्यांची किंमत साधारण ठरलेली असते. वजीर मोठा, हत्ती त्याखालचा, प्यादे लहान. दोन्ही बाजूंची मोहरी मोजली की डावाचा काही अंदाज येतो, आणि तो अंदाज यंत्राला शिकविता येतो. म्हणूनच मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्लू’ ह्या यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. ते यंत्र दर सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्या दिवसापासून लोकांच्या मनात एक समीकरण बसले : वेग वाढवा, बळ आपोआप वाढेल. गोमध्ये हे समीकरण चालेना. तेथे सगळे खडे सारखे. मधल्या डावात कोण वरचढ आहे हे आकड्यात सांगण्याची सोयच नव्हती. वेगवान यंत्र चुकीचा हिशेब वेगाने करी, इतकेच.

आता बळ कसे मोजावयाचे? आमच्या लहानपणी तालमीतले वस्ताद सांगत, वजन काट्यावर कळते, बळ फडात कळते. पैलवानाला जोड लागते, आणि जोड कोणती दिली त्यावर त्याचे बळ दिसते. यंत्राचा वेग हा वजनासारखा आहे. यंत्र एकटे समोर ठेवून, घड्याळ लावून तो मोजता येतो. बळाला मात्र समोर कोणीतरी बसवावा लागतो. आजच्या व्याख्यानाचे सार ह्या एका वाक्यात आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्याचाच दाखला आहे.

गोच्या परंपरेत बळ मोजण्याची एक जुनी सोय आहे, ती सुटीची. कमजोर खेळाडूला आरंभीच काही खडे पटावर ठेवू द्यावयाचे; रिवाज नऊ खड्यांपर्यंतचा. ज्या सुटीवर डाव बरोबरीचा होतो, तेवढे दोघांतले अंतर. अमेरिकेत अल्बर्ट झोब्रिस्ट ह्यांनी १९६८ साली पूर्ण डाव खेळणारा पहिला प्रोग्राम केला. त्याचे बळ अगदी नवशिक्याला हरविण्याइतकेच होते. पुढे तैवानमधील उद्योगपती इंग चांग-की ह्यांनी पायरीपायरीने वाढणारी बक्षिसे लावली. १९९७ साली चेन झीशिंग ह्या चिनी प्राध्यापकांच्या ‘हँडटॉक’ प्रोग्रामने अकरा खड्यांची सूट घेऊन ११ ते १३ वर्षे वयाच्या तीन हौशी मुलांना हरविले आणि त्यातले एक बक्षीस मिळविले. नऊ खड्यांची पायरी मात्र २००० साली बक्षिसांची मुदत संपेपर्यंत कोणालाच ओलांडता आली नाही.

अकरा खड्यांचा हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतील गो-संमेलनात एक विलक्षण सामना झाला. संगणक-गोचे अभ्यासक आणि स्वतः उत्तम हौशी खेळाडू असलेले मार्टिन म्युलर ‘मेनी फेसेस ऑफ गो’ ह्या त्या काळच्या नामांकित प्रोग्रामाविरुद्ध बसले. त्यांनी यंत्राला तब्बल २९ खड्यांची सूट दिली आणि तरीही डाव जिंकला. हे दोन प्रोग्राम निराळे होते हे खरे, परंतु दोन्ही त्या काळच्या पहिल्या रांगेतले होते. मग पहिल्या रांगेतल्या यंत्राचे बळ अकरा खड्यांचे की एकोणतीस खड्यांचे? उत्तर असे की समोरचा माणूस बदलला. मुले चांगली खेळली, पण यंत्राच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. म्युलर अशी यंत्रे बनविणाऱ्यांपैकी होते. यंत्र कोठे आंधळे असते हे त्यांना ठाऊक होते, आणि ते नेमके तेथेच चालून गेले. यंत्राचे दुबळे अंग ओळखणारा माणूस समोर बसेपर्यंत यंत्राचे माप अपुरेच राहते, ही गोष्ट १९९८ सालीच सिद्ध झाली होती. पुढे पंचवीस वर्षांनी तिचा पुन्हा प्रत्यय यावयाचा होता.

सुटीचे माप ठोकळ असते. त्याहून बारीक माप बुद्धिबळाकडून आले. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन प्राध्यापक अर्पाद एलो ह्यांनी खेळाडूंचे गुणांकन करण्याची पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली व जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म सोपे आहे. दोघांच्या गुणांत २०० चा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. ४०० चा फरक असेल तर सुमारे ९१. त्याहून कमी मिळाले तर त्याचे गुण घटतात, अधिक मिळाले तर वाढतात. म्हणजे एलोचा आकडा हे माणसाच्या अंगचे वजन नव्हे. दोघांमधले अंतर आहे. एकट्या माणसाला एलो नसतो. आणि हा आकडा अंदाजाचा असतो, निकालाचा नव्हे. नागपूरच्या दिव्या देशमुखचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकात ती गुणांकनाप्रमाणे पंधराव्या क्रमांकावर होती. अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूला हरवून तिने चषक आणला, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आकड्यावर विसंबून स्पर्धा न खेळताच चषक वाटले असते, तर ही एकोणीस वर्षांची मुलगी रिकाम्या हाताने परतली असती.

गोच्या प्रोग्रामांनाही एलोचे गुण दिले जाऊ लागले. प्रोग्रामांना आपसांत हजारो डाव खेळावयास लावावयाचे आणि त्यावरून गुण काढावयाचे. पण अंतर मोजावयाचे तर आरंभ कोठून? म्हणून एक खुंटी लागते. ‘ग्नू गो’ नावाचा एक मोफत, सर्वांना उपलब्ध असलेला प्रोग्राम पुष्कळ वर्षे अशा खुंटीचे काम करीत होता. त्याला एक ठरीव आकडा द्यावयाचा आणि बाकीच्यांची अंतरे त्याच्यापासून मोजावयाची. ही सोय चांगली होती, परंतु तिच्यात एक गोम आहे. ज्या प्रोग्रामाला ग्नू गोच्या खोडी चांगल्या ठाऊक, तो ग्नू गोविरुद्ध फुगून दिसतो. माणसासमोर बसविला की त्याचा फुगा फुटतो. परीक्षा एकाच पुस्तकावर घेतली की पाठांतर करणारा पहिला येतो, हे आपल्या शाळांतून आपण पाहतोच.

आता वेगाकडे वळू. २००६ साली गोच्या यंत्रांत मोठा पालट झाला. फ्रान्समध्ये रेमी कुलोम ह्यांचा ‘क्रेझी स्टोन’ आणि पाठोपाठ ‘मोगो’ हे प्रोग्राम आले. स्थितीची किंमत सांगता येत नाही ना, मग सांगूच नका, असा त्यांचा विचार होता. प्रत्येक संभाव्य खेळीपुढे यंत्राने डाव शेवटपर्यंत झपाट्याने, बराचसा नशिबावर सोडून खेळावयाचा. असे हजारो चाचणी-डाव खेळावयाचे. आणि ज्या खेळीने अधिक डाव जिंकले तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयाचे. ह्या पद्धतीत यंत्राच्या वेगाला प्रथमच खरा अर्थ आला. दर सेकंदाला किती चाचणी-डाव, हा आकडा मिरविण्याचा झाला. ऑगस्ट २००८ मध्ये नेदरलँड्समधील एका महासंगणकाचे ८०० गणनविभाग जोडून ‘मोगो’ने नऊ खड्यांच्या सुटीवर किम म्युंग-वान ह्या आठव्या श्रेणीच्या व्यावसायिक खेळाडूला हरविले. मार्च २०१२ मध्ये जपानच्या ‘झेन’ने ताकेमिया ह्या थोर खेळाडूला चार खड्यांच्या सुटीवर हरविले.

तरीही वेग आणि बळ ह्यांची गाठ सरळ पडली नाही. ‘मोगो’च्या कर्त्यांनी चाचणी-डावांत थोडे शहाणपण घातले. आधीच्या खेळीच्या आसपासचा नमुना पाहून खडा ठेवावयाचा, असा तो नियम होता. त्यामुळे प्रत्येक चाचणी-डाव सावकाश होऊ लागला, वेगाचा आकडा उतरला, आणि बळ मात्र वाढले. मग कोणालाही वाटेल की चाचणी-डाव खेळणारा जितका शहाणा तितके यंत्र बलवान. ‘मोगो’चे एक कर्ते सिल्व्हें जेली आणि संशोधक डेव्हिड सिल्व्हर ह्यांनी २००७ साली तेही करून पाहिले. एकटा खेळला असता जो डोकेबाज ठरे, असा खेळाडू त्यांनी चाचणी-डावांच्या कामावर लावला. आणि सगळ्या यंत्राचे बळ घटले! सुटा भाग चांगला म्हणून सबंध यंत्र चांगले, असे होत नाही. एका खात्याचा वेग वाढवून साऱ्या कारखान्याचे उत्पादन वाढेल असे मानणाऱ्या व्यवस्थापकांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

बरे, नुसता वेग तरी एका आकड्यात सांगता येतो का? ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्यात टाटा समूहाच्या एका प्रयोगशाळेने ‘एका’ नावाचा महासंगणक उभारला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथा आला आणि आशियात पहिला ठरला. त्याचा वेग किती? कागदावरचा, म्हणजे प्रत्येक भाग क्षणभरही न थांबता चालला तर होणारा वेग दर सेकंदाला सुमारे १७१ लाख कोटी गणितांचा. प्रत्यक्ष मोजलेला वेग ११७.९ लाख कोटी. म्हणजे शंभरातले ६९. तोही ‘लिनपॅक’ नावाच्या एका ठरीव कामावर, मोठी समीकरणे सोडविण्याच्या कामावर, मोजलेला. काम बदलले की आकडा बदलतो. ह्यात पुण्याच्या अभियंत्यांना काही उणेपणा नाही. जगातल्या प्रत्येक महासंगणकाची हीच कथा आहे, आणि ती यादी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापते हा तिचा प्रामाणिकपणा आहे. कारखान्यात आम्हाला नेहमी पहिलाच आकडा दाखविला जातो.

ह्यापुढचा टप्पा सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचला असेल. लंडनच्या ‘डीपमाइंड’ कंपनीच्या ‘अल्फागो’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपचा विजेता फान हुई ह्याला सुटीशिवाय ५-० असे हरविले. मार्च २०१६ मध्ये सोल येथे ली सेडॉल ह्या कोरियाच्या महान खेळाडूवर त्याने ४-१ असा विजय मिळविला. चौथा डाव ली जिंकला. मे २०१७ मध्ये चीनच्या के जिएला ३-० असे हरवून ‘अल्फागो’ने निवृत्ती घेतली. ह्या विजयांच्या गडबडीत मापाचे जे आकडे प्रसिद्ध झाले ते आम्हाला अधिक बोधप्रद वाटतात.

पहिला आकडा. ४८ प्रोसेसर आणि ८ चित्रगणनाचे पत्ते असलेल्या एकाच यंत्रावरच्या ‘अल्फागो’ने इतर प्रोग्रामांविरुद्ध ४९५ पैकी ४९४ डाव जिंकले. मग त्यालाच १,२०२ प्रोसेसर आणि १७६ पत्ते दिले. प्रोसेसर पंचवीस पट आणि पत्ते बावीस पट झाले, तर बळ किती वाढले? मोठ्या ‘अल्फागो’ने लहान ‘अल्फागो’विरुद्ध शंभरांत ७७ डाव जिंकले. वीसपटीहून अधिक सामग्री खर्चूनही धाकट्या भावाने चारांतला जवळजवळ एक डाव मारलाच.

दुसरा आकडा २०१७ सालच्या ‘अल्फागो झिरो’चा. माणसांचे डाव न पाहता, केवळ स्वतःशी खेळून तो शिकला. एका यंत्रात चार खास चकत्या, एवढेच त्याचे भांडवल. ली सेडॉलला हरविणाऱ्या प्रोग्रामाला त्याने १००-० असे हरविले. त्याच्या कर्त्यांच्या मोजणीप्रमाणे ली सेडॉलला हरविणाऱ्याचे एलो गुण ३,७३९, आणि झिरोचे ५,१८५. त्याहून नवल म्हणजे, पुढचा विचार करण्यास बंदी घालून पटाकडे एकदा पाहताच खेळी करावयास लावले, तरी त्याचे गुण ३,०५५ भरले. फान हुईला हरविणाऱ्या १७६ पत्त्यांच्या यंत्राचे होते ३,१४४. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती पाहत असे; येथे एका नजरेत जवळजवळ तेवढेच काम साधले, जेवढे दोन वर्षांपूर्वी खोलीभर यंत्रांना साधले होते. वेग उतरत गेला आणि बळ चढत गेले. १९९७ सालचे समीकरण ह्या ठिकाणी संपले.

पण ५,१८५ ह्या आकड्याचा अर्थ काय? बुद्धिबळातल्या जगज्जेत्याचे गुण २,८०० च्या आसपास असतात, म्हणून हे यंत्र त्याच्या जवळजवळ दुप्पट हुशार, असे म्हणणे वेडेपणाचे आहे. खेळ निराळा आणि खुंटीही निराळी. शिवाय हे गुण मुख्यतः यंत्रांनी यंत्रांशी खेळून मिळविलेले. एकाच घरातले भाऊ आपसांत कुस्ती खेळून कोण मोठा हे ठरवितात. बाहेरच्या फडातले बळ त्यावरून कळत नाही. आणि ‘अल्फागो’ निवृत्त झाला, तो बाहेरच्या कोणाला तपासण्यासाठी कधीच मिळाला नाही.

तपासण्यासाठी मिळाला तो ‘कॅटागो’. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रोग्राम मोफत आणि उघडा आहे, आणि माणसातल्या कोणाही खेळाडूपेक्षा बलवान म्हणून तो नावाजला. अमेरिकेतील काही संशोधकांनी २०२२ साली त्याच्यावर एक निराळाच प्रोग्राम सोडला. ह्या हल्लेखोराला गो चांगला येत नव्हता. सामान्य हौशी माणूस त्याला हरवू शके. त्याचे काम एकच होते, ‘कॅटागो’चे आंधळे अंग शोधणे. ते त्याला सापडले. तो ‘कॅटागो’ला आपल्या एका लहान पुंजक्याभोवती खड्यांचे कडे करावयास लावी, आणि मग त्या कड्यालाच बाहेरून सावकाश वेढा घाली. कडे पुरते कोंडले जाईपर्यंत ‘कॅटागो’ला धोका दिसत नसे. पूर्ण बळाने खेळणाऱ्या ‘कॅटागो’वर ह्या हल्लेखोराने शंभरांत सत्त्याण्णवाहून अधिक डाव मारले. पुढे केलिन पेलराइन ह्या हौशी खेळाडूने ही युक्ती शिकून, गणकयंत्राची मदत न घेता, ह्याच जातीच्या बलवान प्रोग्रामाविरुद्ध पंधरापैकी चौदा डाव जिंकले. ही बातमी फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर गेली. पुढे भोक बुजविण्याचे प्रयत्न झाले. २०२४ साली त्याच संशोधकांपैकी काहींनी दाखविले की डागडुजी केलेल्या प्रोग्रामांनाही नव्या हल्लेखोराने हरविता येते.

येथे एलोचे गणितच अडते. हल्लेखोर ‘कॅटागो’ला हरवितो, ‘कॅटागो’ जगज्जेत्याला भारी पडतो, आणि सामान्य माणूस हल्लेखोराला हरवितो. ह्यांत सर्वांत वर कोणाला बसवावयाचे? एका रांगेत बळ मांडता येते ही समजूतच ह्या त्रिकोणात मोडते. १९९८ साली म्युलरने २९ खड्यांची सूट देऊन जे सांगितले, तेच हे. यंत्र लाखो पटींनी सुधारले, तरी माप घेणाऱ्याने समोर कोणाला बसविले ह्यावर माप अवलंबून राहिले. आणि एक गोष्ट विसरू नका : ‘कॅटागो’ उघडा होता म्हणून भोक सापडले. बंद पेटीतल्या यंत्राचे भोक आकड्यांच्या मागे झाकून राहते.

आता आपल्या घरी येऊ. १९२८ साली मुंबईतल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. त्याचे एक प्रमुख कारण माप हेच होते. कताईखात्यात एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, विणकामखात्यात दोन मागांऐवजी तीन माग चालवावेत, अशी मालकांची योजना होती. यंत्राचा वेग पाहता हे शक्य आहे असे त्यांचे म्हणणे. कामगारांचा प्रश्न साधा होता : कापूस कोणता? हलक्या कापसाचे सूत वारंवार तुटते. प्रत्येक तुटलेला धागा माणसाच्या हाताने जोडावा लागतो. यंत्राचा वेग तोच राहून माणसाचा बोजा दुप्पट होतो. वेगाच्या आकड्यात कापूस नव्हता. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट ह्यांच्या समितीपुढे हे प्रश्न महिनोन्महिने चालले.

आम्ही स्वतः तरुणपणी एका अभियांत्रिकी कारखान्यात लेथवर होतो. तेथे वेळेचे माप घेणारे साहेब घड्याळ घेऊन येत, ते पाळीच्या पहिल्या तासाला, नवे हत्यार लावलेले असताना आणि खात्यातल्या सर्वांत चपळ माणसाच्या यंत्रापाशी. त्या एका तासाला आठाने गुणून आम्हा सर्वांचा रोजचा नॉर्म ठरे. सहाव्या तासाला बोथट झालेले हत्यार आणि दुखणारी पाठ त्या घड्याळात नसे. कागदावरचे १७१ आणि प्रत्यक्षातले ११७.९ ह्यांतला फरक पुण्याच्या यंत्राला लागू होतो, तर तो हाडामांसाच्या माणसाला का लागू होऊ नये, हे आम्हाला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

ह्यावर तोड निघाली नाही असे नाही. जुलै १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून नवीकरणाच्या अटी मान्य केल्या. असलेल्या कामगारांची कपात नको आणि त्यांच्या मिळकतीत घट नको. लाभाची न्याय्य वाटणी हवी. आणि कामाच्या बोज्याचे मोजमाप दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तज्ज्ञाने करावे. ह्या तिसऱ्या अटीचे मोल आम्हाला गोचा इतिहास वाचल्यावर पुरते कळले. माप घेणारा दोघांना मान्य हवा. पुढे आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी गणकयंत्राविरुद्ध लढा दिला. सरकारने १९६९ साली पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँक कर्मचारी आणि बँकांचा संघ ह्यांच्यात यंत्रे किती आणि कोठे बसवावयाची ह्याचा करार झाला. यंत्र आले ते आलेच. पण त्याच्या मापावर बोलण्याचा हक्क कामगाराला आहे, हे तत्त्व त्या करारांनी प्रस्थापित केले.

आज वागळे इस्टेटीतल्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि पोखरण रोडवर पाठीवर पेटी घेतलेली मुले मिनिटांच्या हिशेबाने धावत आहेत. त्यांच्या वेगाचे माप एका बंद पेटीत होते. त्यात कापूस कोणता, म्हणजे पाऊस किती, चौथ्या मजल्याची लिफ्ट बंद आहे की काय, हे किती धरले आहे ते त्यांना कोणी दाखवीत नाही. कचेरीत बसलेल्यांना सांगण्यात येते की अमुक यंत्र तुमच्या परीक्षेत तुमच्याहून अधिक गुण मिळविते, सबब तुमची गरज उरली नाही.

अशा वेळी आकड्याला घाबरून जाऊ नये आणि आकड्याला खोटाही म्हणू नये. चार प्रश्न विचारावेत. हे माप वेगाचे आहे की बळाचे? ते कोणत्या कामावर आणि कोणाला समोर बसवून घेतले? किती सामग्री खर्चून घेतले, म्हणजे हा आकडा एका यंत्राचा आहे की बाराशे प्रोसेसरांचा? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : माप कोणी घेतले, आणि दुसऱ्या पक्षाला ते तपासून पाहण्याची मुभा आहे का? सोलचा सामना सर्व जगासमोर, आधी ठरविलेल्या पाच डावांचा झाला, म्हणून त्याचा निकाल ली सेडॉलच्या चाहत्यांनीही मान्य केला. तेवढाच उघडेपणा कामगाराने आपल्या मापात मागितला तर त्यात अडवणूक कसली?

यंत्रे बलवान होत जाणार, आणि व्हावीत. चांगल्या हत्याराचा कामगाराइतका कदरदान दुसरा नाही. आमचे मागणे एवढेच आहे की ज्याच्या भाकरीवर मापाचा काटा बसवावयाचा आहे, त्याला काटा पाहू द्यावा. किराणा दुकानातल्या वजनावर सरकारचा शिक्का असतो, आणि गिऱ्हाईक म्हणून आपण तो पाहून घेतो. आपल्या श्रमाच्या वजनावरही दोन्ही पक्षांचा शिक्का असावा. येथे बसलेल्या तरुणांनी उद्या आपापल्या ठिकाणी हे चार प्रश्न विचारावयास आरंभ करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.